चादरीचं तोंड

‘हलकं काम’ हे दोन शब्द ऐकले की इस्पितळाच्या धुलाईखोलीत भलेभले दचकायचे. तसे शब्द मायेचेच. पण तळघरातल्या त्या लांबलचक खोलीत ते ज्याच्या वाट्याला आले त्याचं पुढं काय होतं, हे सगळ्यांनी साबणकाकांच्या बाबतीत पाहिलं होतं. साबणकाका मोठ्या यंत्रांवर होते. एकदा उकळत्या पाण्याची नळी सुटली आणि त्यांचा हात कोपरापर्यंत भाजला. बरे होऊन आले तेव्हा बोटं मिटत नव्हती. मग धुलाईखोलीच्या साहेबांनी त्यांना हलकं काम दिलं. दारामागच्या स्टुलावर बसायचं आणि ढकलगाडी आली की दार उघडायचं. आता ते दार असं होतं की गाडीचा धक्का लागला की आपसूक उघडायचं. काका दर वेळी धडपडत उठायचे आणि ते उठेपर्यंत गाडी आत आलेली असायची. गाडीवाले बिचारे म्हणायचे, “राहू द्या काका.” ते ऐकून ऐकून काका आतून खचत गेले. एका सकाळी स्टूल रिकामं दिसलं. कुणी काही विचारलं नाही. दुपारपर्यंत त्यावर कुणीतरी साबणाचा डबा ठेवला.

तेव्हापासून त्या खोलीत कुणाचं काही दुखलं, तर ते अंगावरच्या कपड्यांच्या आतच राहायचं. घडीमावशीचा उजवा खांदाही असाच आत राहिला होता.

नवरा गेल्यावर, लहानग्या लेकीला शेजारणीच्या ओटीत घालून ती इथं कामाला लागली, तेव्हा तिला ओल्या कपड्यांवर घातलं होतं. हात कायम सुरकुतलेले, पाय कायम गार. मग कधीतरी घडीच्या टेबलावरची एक बाई रजेवर गेली म्हणून हिला तिथं उभं केलं, आणि ती जी तिथं रुजली ती रुजलीच. ओल्या चादरी वाळवून दाबणाऱ्या रोलरमधून चादर बाहेर येते तेव्हा ती इतकी गरम असते की नवखी बाई हात मागे घेते. मावशीनं पहिल्याच दिवशी ती गालाला लावून पाहिली होती म्हणे. तिच्या हातच्या घड्यांची चळत कडेनं पाहिली तर भिंतीसारखी सरळ दिसायची. तिची लेक शाळेत असताना एकदा म्हणाली होती, “आई, तुला माझी उत्तरपत्रिका दिली तर तू ती वाचणार नाहीस, घडी घालशील.” त्यावर मावशीनं ती खरोखरच चार पदरी घालून दाखवली होती.

चादरीची घडी एकट्यानं घालायची नसते. समोरासमोर दोघी लागतात. गेली कित्येक वर्षं मावशीच्या समोर शिडी असायची. शिडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण ती दारातून वाकून आत यायची आणि वरच्या फळीवरचं कुणालाही काही हवं असलं की तिलाच हाक मारायची, मग दुसरं नाव कुठून पडणार? वयानं मावशीपेक्षा बरीच लहान, तोंडानं मात्र सगळ्यांच्या वरचढ.

दोघींचं काम ठरलेलं होतं. रोलरच्या बाजूला मावशी, भिंतीच्या बाजूला शिडी. चादर बाहेर यायची ती इस्पितळाच्या शिक्क्याची कड पुढे करून. ती कड मावशी धरायची, दुसरी शिडी. एक झटका, की सुरकुत्या पळाल्या. मग मावशी हात उंच धरून जागेवर उभी राहायची आणि शिडी आपली कड घेऊन चालत तिच्याकडे यायची, कडेला कड मिळवायची, वाकून खालचा पदर उचलायची. अशा घडीत शिक्क्याची कड आपोआप वर राहते. त्या कडेला त्यांच्यात चादरीचं तोंड म्हणतात. वर वॉर्डात परिचारिका एका हातानं आजारी माणसाला कुशीवर धरते आणि दुसऱ्या हातानं चादरीचं तोंड धरून ओढते, की चादर एका दमात उलगडत जाते. तोंड खाली गेलं तर तिला सगळी घडी फिरवावी लागते, आणि तोवर कुशीवरचा माणूस विव्हळत राहतो. मावशी स्वतः एकदा वर आजारी होती, तेव्हा तिनं हे कुशीवर पडून सोसलं होतं. तेव्हापासून चादरीच्या तोंडाबद्दल ती फार कडक झाली होती.

आणि अशात तो खांदा गेला. ओल्या कपड्यांची गाडी उतारावर कलंडत होती, तिनं धावत जाऊन ती धरली. गाडी वाचली. खांद्यात आत काहीतरी सुतळीसारखं तटकन वाजलं. दोन दिवस तिला वाटलं लचक भरली असेल. मग तिच्या लक्षात आलं की हात छातीपर्यंत येतो आणि पुढं कुणी दार लावून घेतल्यासारखा थांबतो. रेटला तर डोळ्यांपुढं काजवे.

चादर उंच धरली नाही तर ती जमिनीला लागतेच. जमिनीला लागलेली चादर परत धुवायला जाते. पहिल्या सकाळी तिच्या हातून लागोपाठ चादरी जमिनीला टेकल्या तेव्हा शिडीनं आपला हात उंच केला आणि हनुवटीनं खूण केली, की तू ये माझ्याकडे.

“असं कसं? मी थांबणारी.”

“आता मी थांबते. ये म्हणते ना.”

“साहेब काचेतून बघतात.”

“बघू देत. त्यांनी वळून बघितलं की मी खोकेन.”

“तू खोकलीस की सगळं तळघर वळून बघतं, शिडे.”

तशी त्यांची चाल बदलली. जागा बदलणं शक्य नव्हतं. साहेबांच्या काचेच्या खोलीतून ते पहिल्याच दिवशी दिसलं असतं. म्हणून मावशी रोलरच्याच बाजूला राहिली, पण आता शिक्क्याची कड घेऊन ती चालत जायची, वाकायची, पदर उचलायची, आणि उंच धरायचं सगळं शिडीच्या वाट्याला. झटकाही एकटी शिडीच द्यायची. मावशी कोपर बरगडीला दाबून नुसती कड धरून असायची. लांबून पाहणाऱ्याला काही फरक कळला नसता.

फरक वर वॉर्डात कळला. या नव्या चालीत चादरीचं तोंड खाली जायला लागलं आणि तक्रार आली. साहेब खोलीच्या मध्यभागी उभे राहून सगळ्यांना उद्देशून म्हणाले, “घडीकडे लक्ष द्या.”  त्या दिवसापासून शिडीनं घडी पुरी झाली की ती सगळीच्या सगळी मनगटावर उलटी करून चळतीवर ठेवायला सुरुवात केली. तोंड परत वर. तक्रार बंद.

मावशीला हायसं वाटलं. इतकं, की त्या उलटण्याकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही.

घरी मात्र लपवणं सोपं नव्हतं. दोन खोल्यांचं घर, त्यात दोघीच, आणि लेक आता फोन दुरुस्तीच्या दुकानात काम करायची. बारीकसारीक बिघाड हुडकायची तिला सवय. मावशीनं केस मानेपर्यंत कापून घेतले तेव्हा लेक नुसती बघत राहिली.

“उकडतं फार तळघरात,” मावशी म्हणाली.

“बरं.”

थोड्या दिवसांनी लेकीनं फडताळाची वरची फळी रिकामी करून डबे खाली लावले.  मावशी स्वयंपाकघरात गेली आणि खालच्या फळीवरचे डबे पाहून तशीच उभी राहिली.

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. तू आजकाल चहाचा डबा झाडूच्या दांड्यानं ओढतेस. तो एक दिवस तुझ्या डोक्यात पडेल.”

“वय झालंय माझं.”

“वय झालं की दोन्ही हात जातात, आई. तुझा एकच गेलाय. सांग ना तिथं, दाखव कुणालातरी. इस्पितळातच तर काम करतेस.”

“सांगितलं की संपलं गं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

 मावशीनं चहाला आधण ठेवलं. ती कामावर जायची ती नुसती पगारासाठी नाही, हे तिला लेकीला नीट सांगता आलं नसतं. लेकीच्या जिवावर खिडकीत बसून दिवस काढायचे, हा विचारच तिला नकोसा व्हायचा. त्या खोलीत ती घडीमावशी होती. इथं या खिडकीत ती कोण असणार होती?

आणि मग मापवाल्या मॅडम आल्या.

त्या कुठून आल्या, कुणी पाठवल्या, याच्या तळघरात नाना गोष्टी. त्या दिसायला अगदी साध्या, बुटक्या, डोळ्यांखाली काळं, आणि गळ्यात शिंप्यासारखी मापाची पट्टी. साहेबांनी सगळ्यांना जमवून सांगितलं की या मॅडम कामं बघणार आहेत, ज्यांना वयामुळं किंवा दुखण्यामुळं त्रास होतो त्यांना काम करत राहता यावं म्हणून काय बदल करायचे ते सुचवणार आहेत. “तेव्हा कुणाला काही त्रास असेल तर मोकळेपणानं सांगा.”

 इस्त्रीवाल्या दादांचे गुडघे वाळक्या लाकडासारखे वाजतात हे लहान पोरालाही माहीत होतं. ते सर्वांत ताठ उभे होते.

“कुणालाच काही नाही?” मॅडमनी विचारलं.

“आम्हाला काय धाड भरलीय,” मागून शिडी म्हणाली, आणि सगळे हसले. मॅडम पण हसल्या. पण त्यांची नजर एकेकाच्या हातापायांवरून फिरत होती, ते मावशीला दिसलं आणि तिनं हात पाठीमागे घेतले.

“उद्या घडीचं टेबल बघते,” मॅडम म्हणाल्या.

त्या संध्याकाळी कपडे बदलायच्या कोपऱ्यात दोघींची खलबतं झाली. मावशीचं म्हणणं, उद्याचा दिवस जुन्या चालीनं घडी घालायची. आपण थांबायचं, शिडीनं यायचं.

“जमेल तुला?”

“गोळी घेते. मॅडम काय सारा दिवस थोड्याच उभ्या राहणार आहेत.”

“आणि हात वर नाही गेला तर?”

“जाईल. न जाऊन सांगतो कुणाला.”

शिडी बाही मनगटाशी खाली ओढत राहिली. आज ती ढिली होती, पण मावशी स्वतःच्याच धास्तीत इतकी बुडालेली की तिनं ते दमणुकीवर घातलं.

रात्र कशीबशी गेली. सकाळी गोळी घेऊन मावशी टेबलापाशी उभी राहिली. मॅडम बाजूला भिंतीला टेकून उभ्या. साहेबही काचेच्या खोलीतून बाहेर आले. पहिली चादर रोलरमधून आली. मावशीनं शिक्क्याची कड धरली, दात आवळले आणि हात उंच केला. खांद्यातून एक सणक निघून थेट जबड्यात गेली. पण हात गेला. शिडी चालत आली, कडेला कड मिळाली, पदर उचलला. दुसरी चादर. तिसरी. मावशीच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि मनात एकच चाललं होतं, की बघा, नीट बघा आणि जा.

“थांबा जरा,” साहेब म्हणाले.

ते चळतीपाशी गेले आणि वरची चादर उचलून पाहिली. मग खालची. मग तिच्या खालची.

“यांची सगळ्यांची तोंडं खाली कशी?”

मावशीला आधी काही उमगेचना. जुनी चाल, जुन्या जागा, मग तोंड खाली जाईल कसं? तिनं शिडीकडे पाहिलं. शिडीचा चेहरा उतरला होता. आणि मग तिच्या ध्यानात आलं. चाल जुनी झाली होती, पण शिडीचं मनगट नव्या चालीतच होतं. सरळ आलेली प्रत्येक घडी तिनं सवयीनं उलटी करून ठेवली होती.

“ती शेवटी एक गिरकी देता ना,” मॅडम शिडीला म्हणाल्या, “ती परत एकदा करून दाखवाल?”

शिडीनं चादर उचलली, उलटी केली. तिचा ओठ किंचित वाकडा झाला. मॅडमनी पुढं होऊन तिची बाही वर सारली. आत चादरीच्या फाटक्या काठाची पट्टी गच्च गुंडाळलेली. ती सोडली तेव्हा मनगट सुजून अंगठ्याच्या बाजूला टम्म झालेलं दिसलं.

“कधीपासून?”

“असंच. वाईट खोड लागली मॅडम, घडी उलटी करायची. माझंच चुकलं.”

“कशामुळं लागली?”

“खोडीला काय कारण लागतं?” शिडी म्हणाली. तिनं मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही.

साहेब हळहळले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. “आधी सांगायचं नाही का? उद्यापासून तुम्ही हलकं काम करा. बघतो मी कुठं बसवायचं ते.”

मावशीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की सुटले.  आणि दुसऱ्याच क्षणी त्या सुटकेची तिला अशी शिसारी आली की तिनं टेबलाची कड धरली. तरी ती बोलली नाही.  मॅडम इस्त्रीच्या बाजूला गेल्या, साहेब त्यांच्यामागून गेले, आणि ती नुसती उभी राहिली.

जेवणाच्या सुट्टीत शिडी कपड्यांच्या कोपऱ्यात बाहीचं बटण दातांनी लावायचा प्रयत्न करत होती. मावशीनं जाऊन बटण लावून दिलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“तू सांगितलंस साहेबांना?”

“माझी गोष्ट वेगळी.”

“वेगळी कशी? माझं घर भरलेलं आहे, पोरं मिळवती आहेत. तुला घरी कोण आहे, ती एक पोरगी. मी बसेन की स्टुलावर. साबणाचा डबा मांडीवर घेईन.” शिडी हसली. “एवढी उंच बाई दारात बसलेली बघून निदान डास तरी आत येणार नाहीत.”

मावशीला हसू आलं नाही. “माझ्यामुळं झालं हे.”

“गप बस. कुणी ऐकेल.”

“ऐकू दे.”

तिथून इस्त्रीच्या टेबलापर्यंतचं अंतर काही फार नव्हतं. मावशी चालायला लागली. वाटेत ते दारामागचं स्टूल आलं, त्याच्यावरचा डबा आला. तिला वाटलं, अजून वेळ आहे. पाणी प्यायला निघाले होते म्हणता येईल. मॅडम दादांच्या गुडघ्याच्या उंचीचं माप घेत होत्या आणि साहेब शेजारी उभे होते. मावशी समोर जाऊन थांबली आणि कसं सुरू करावं ते तिला सुचेना. शेवटी तिनं उजवा हात उचलला. गोळीचा असर उतरला होता. हात छातीशी आला आणि तिथंच अडकला.

“याच्या वर जात नाही,” ती म्हणाली.

साहेब म्हणाले, “अहो मावशी, सकाळी तर चांगला गेला होता.”

“गोळी घेतली होती. रोजचं उंच धरायचं काम ती करते. त्यानं तोंड खाली जातं म्हणून ती घडी उलटी करते. मनगट गेलं ते त्यापायी. तिला बसवू नका. बसवायचं तर मला बसवा.”

 साहेबांनी एकदा मॅडमकडे, एकदा मावशीकडे पाहिलं. “म्हणजे मग दोघींनाही...” एवढं बोलून ते थांबले.

“दोघींना कुठं बसवणार?” मॅडम म्हणाल्या. “त्या दारामागं?”

“मी काकांना घरी नव्हतं पाठवलं,” साहेब एकदम म्हणाले. “काम दिलं होतं मी त्यांना.”

 पट्टी गुंडाळत मॅडम मावशीला म्हणाल्या, “सकाळी तुम्ही मला चांगलं काम दाखवलंत. मला रोजचं बघायचंय. चला, दाखवा.”

मग त्या दोघींनी सगळ्यांदेखत आपली चोरटी चाल करून दाखवली. बरगडीला दाबलेलं कोपर, शिडीचा एकटीचा झटका, शेवटची गिरकी. मावशीला वाटत होतं आपण भर चौकात उघड्या पडलोय. मॅडम मध्येच थांबवत होत्या, विचारत होत्या, हात इथवर आणा, आता दुखतं का, आता? “अजून थोडे दिवस असंच चाललं असतं ना,” शेवटी त्या म्हणाल्या, “तर तुमचा खांदा आणि यांचं मनगट, दोन्ही कायमची गेली असती. आत्ता तरी दोन्हीवर उपाय आहे. दोघींनी वर डॉक्टरांना दाखवायचं, आजच. आणि काम मी बदलते, माणसं नाही.”

साहेबांनी घसा खाकरला. “पण मॅडम, वॉर्डाच्या गाड्या वेळेवर गेल्या पाहिजेत. ते जमलं तर ठीक. नाहीतर मला वर उत्तर द्यावं लागतं.”

“पहिले काही दिवस उशीर होईल.”

“करून बघू,” साहेब म्हणाले. त्या ‘करून बघू’त किती दिवस बसतात ते मावशीला कळेना.

शिडीच्या मनगटाला आधाराचा पट्टा बसला. तिला उंच खुर्ची देऊन टॉवेलांच्या टेबलावर घातलं. फाटलेले, डागाळलेले निवडून शिवणाला धाडायचे. ते काम खरंच तुंबलेलं होतं. मावशीसाठी भिंतीवर छातीच्या उंचीला एक दांडी बसली, तिला दोन मोठे चिमटे, आणि चादरीचा झोळ जमिनीला लागू नये म्हणून खाली एक स्वच्छ फळी. चादरीचं तोंड चिमट्यात द्यायचं, दुसरी कड घेऊन दांडीकडे चालत जायचं. हात वर न्यायचाच नाही. मॅडमनी दोनतीनदा करून दाखवलं आणि त्या गेल्या. त्यांना दुसरीही इस्पितळं होती. परवा येते म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी दांडीसमोर मावशी एकटी. इतकी वर्षं समोर एक बडबडं तोंड असायचं, आता भिंत. पहिली चादर तिनं चिमट्यात दिली, मागे सरली, ताण दिला, आणि चिमटा सुटला. चादर जमिनीवर. तिनं ती उचलून मळक्यात टाकली. दुसरी जमली, पण घडी अशी तिरकी की तिला स्वतःलाच बघवेना. तिसरी पुन्हा खाली.

“अगं नव्या जोडीदाराशी गोड बोल जरा,” टॉवेलांच्या टेबलावरून शिडी ओरडली. “पहिल्याच दिवशी ओढाताण करतेस म्हणून सोडून जातो.”

दोनचार जण हसले. मावशीनं मान वर केली नाही. शस्त्रक्रियेच्या वॉर्डाचा गाडीवाला येऊन उभा राहिला होता. गाडी जेमतेम पाव भरली होती. तो गाडीच्या दांड्यावर बोटं वाजवत होता. काचेच्या पलीकडे साहेब उभे राहिलेले दिसत होते. आणखी एक चादर निसटली. ती झेलायला मावशीचा उजवा हात आपोआप वर झेपावला, आणि सणकेनं ती जागच्या जागी वाकली.

शिडी खुर्चीतून उतरून निघालीच होती. “हो बाजूला. एवढ्या गाडीपुरत्या घड्या मारते आणि जाते.”

“बस जाऊन.”

“मावशी, साहेब बघतायत.”

“म्हणूनच बस म्हणते. पट्टा आहे हाताला. बसतेस की नाही?”

तिचा असा आवाज शिडीनं कधी ऐकला नव्हता. ती दोन पावलं मागे सरली. मावशीनं कपाळ पुसलं आणि ती काचेच्या खोलीकडे निघाली. दार ढकलताना तिला वाटलं, आपणच आपल्या पायांनी त्या स्टुलाकडे चाललोय.

“साहेब, आज गाडी पुरी भरणार नाही. आहेत तेवढ्या जाऊ देत. उरलेल्या दुपारी देते.”

“दुपारी नक्की?”

 हो म्हणणं सोपं होतं. “चिमटे सुटतायत,” ती म्हणाली. “ते का सुटतात ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की देते.”

  साहेबांनी फोन उचलून वॉर्डाला लावला आणि म्हणाले, आज चादरी दोन खेपांत येतील. पलीकडून कुणीतरी चढ्या आवाजात बोलायला लागलं. शब्द कळत नव्हते, पण सूर मावशीला उभ्या जागी ऐकू येत होता. साहेब फोन कानापासून थोडा लांब धरून ऐकत राहिले. “हो,” ते म्हणाले. “हो, माझी माणसं नवीन पद्धत शिकतायत. हो, मी जबाबदार.” फोन ठेवून त्यांनी कपाळ चोळलं.

“दुपारी, मावशी.”

पाव भरलेली गाडी दार ढकलून निघून गेली. मावशी परत दांडीपाशी आली. रोलरच्या तोंडाशी चादरी साचून राहिल्या होत्या. तिनं एक घेतली, चिमट्यात देण्याआधी तोंडाची कड एकदा दुमडली आणि जाड करून आत सरकवली. मागे सरली. डोळे चिमट्यावर. हळू, अगदी हळू ताण दिला, कोपर बरगडीशी. चिमट्यानं धरलं. तिनं आणखी जरा ओढून पाहिलं. अजून धरून होतं. पलीकडे टॉवेलांच्या टेबलावरून शिडी मान उंच करून बघत होती. मावशी चादरीची कड हातात घेऊन, नजर न हलवता, एकेक पाऊल भिंतीकडे चालायला लागली.